पुरंदरचा वेढा व पटावरील युद्धाचे नियम

सतराव्या शतकांतील वेढा पटावर मांडावयाचा, तर केवळ सैन्यसंख्या मोजून भागत नाहीं. इ. स. १६६५ चा पुरंदरचा वेढा पाहावा. एप्रिलांत दिलेरखानानें शेजारचा वज्रगड घेतला, तेव्हां पुरंदरची माची तोफांच्या टप्प्यांत आली. मुरारबाजी धारातीर्थीं पडले, तरी गड लढतच राहिला. जूनमध्यें तो सुटला तो मिर्झाराजे जयसिंगांशीं झालेल्या तहानें. वेढा सुमारें अडीच महिने चालला. एक डाव म्हणजे एक आठवडा धरल्यास दहा-अकरा डाव होतात. सबब आमच्या मतें नियमांत उंचीचें मोल, दर डावास घटणारा दाणागोटा व दारू, आणि तहाची वाटाघाट हीं अवश्य असावींत. फासा हल्ल्यापुरताच टाकावा. तेवीस किल्ले देऊन बारा राखणारा हरला कीं तगला, हें ठरविणें हीच नियमकाराची खरी कसोटी होय.