प्राथमिक स्तरावरील विद्यार्थी आणि ऑनलाइन संदर्भशोधन : लोणारच्या निमित्ताने

प्रस्तावना :
संशोधन म्हटले की प्रबंध, ग्रंथालय व पदव्युत्तर विद्यार्थी डोळ्यांपुढे येतात. इयत्ता दुसरी-तिसरीच्या बालकाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि ‘हे कुणी सांगितले?’ असे विचारण्याची सवय याच वयात लागते, अन्यथा सुटते ती कायमची. पालकांच्या मोबाइलमुळे उत्तर मुलांच्या हाती सहज येते. ते पडताळण्याची रीत मात्र येत नाही. ऑनलाइन माहितीसंग्रहांच्या साहाय्याने ही रीत कशी रुजविता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शोधशब्दाची निवड :
‘लोणारचे पाणी खारट का?’ हा तिसरीतील मुलाचा प्रश्न घेऊ. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर नोंदी शीर्षकानुसार असतात. म्हणून अख्खा प्रश्न न लिहिता त्यातून ‘लोणार’ हा शब्द वेगळा काढणे, हे पहिले कौशल्य होय. त्यासाठी प्रारंभी संगणकाची गरजही नाही. कागदी चिठ्ठ्यांवर शब्द लिहून ते वर्णानुक्रमे लावण्याचा खेळ पुरेसा आहे. त्यानंतर शिक्षकांच्या एका मोबाइलवर वर्गाचे काम भागते.

आपल्या जिल्ह्याचे नावच येथे उत्तम पाठ ठरते. ‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’ ही दोन्ही रूपे लेखनात आढळतात. एका रूपाने शोधल्यास दुसऱ्या रूपातील नोंद निसटू शकते. ‘माहिती सापडली नाही’ म्हणजे ‘माहिती नाही’ असे नव्हे, हे मुलांना येथे प्रत्यक्ष दाखविता येते. याच न्यायाने तळे, सरोवर, विवर असे पर्यायी शब्दही मुलांकडूनच काढून घ्यावेत.

दोन नोंदींची तुलना :
खरी कसोटी पुढे आहे. लोणारचे विवर उल्कापाताने बसाल्ट खडकात निर्माण झाले, याविषयी अभ्यासकांत आज एकमत आहे. वयाविषयी मात्र काही संदर्भ सुमारे ५२,००० वर्षे सांगतात, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले आर्गॉन पद्धतीचे कालमापन सुमारे ५,७०,००० वर्षे देते. एवढ्या मोठ्या संख्या तिसरीच्या गणितात नाहीत. पण दोन उत्तरे जुळत नाहीत, एवढे मुलाला निश्चित दिसते. अशा वेळी शिक्षकांनी एक उत्तर खोडून दुसरे फळ्यावर लिहू नये. दोन्ही लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते कोठे मिळाले हे मुलांनी नोंदवावे. एकच बरोबर उत्तर मागणाऱ्या आपल्या परीक्षापद्धतीत हे अवघड आहे, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे.

स्रोताची नोंद :
वहीत माहितीसंग्रहाचे नाव, नोंदीचे शीर्षक व पाहिल्याची तारीख, एवढेच लिहावयास सांगावे. तारखेचे महत्त्व लोणारच पटवून देते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी छापलेल्या कोशात हे सापडणार नाही. म्हणून तो कोश चुकीचा ठरत नाही.

एखादे मूल वहीत लवणासुराची कथा लिहून आणील. तीही खोडू नये. स्रोताच्या रकान्यात ‘आजीने सांगितले’ असे लिहून घ्यावे व खाली त्या दिवसाची तारीख घालावी.