कामाक्षीबाईंचा दावा

कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासात ‘कामाची बोये साहबा’ नावाचा खटला भेटतो. परक्या राज्यावर सरकारने सत्ताधीश म्हणून केलेल्या कारवाईची न्याय-अन्यायता कोर्टाला तपासता येते का, हे समजून घेताना तो आजही वाचला जातो. खटला पाठ होतो, पण ही बोये साहबा कोण, कुठली, हे फारसे कुणी विचारत नाही. इंग्रजी स्पेलिंगची धूळ झटकली की खालून स्वच्छ मराठी नाव निघते: कामाक्षीबाई साहेब. तंजावरच्या भोसले घराण्यातली ही थोरली राणी. राज्य गेल्यावर तिने ईस्ट इंडिया कंपनीला कोर्टात खेचले होते.

राज्यकर्त्याच्या पत्नीचे स्थान मोठे अवघड असते. तिला हुद्दा नसतो, शपथ नसते, आणि तरीही लोकांच्या अपेक्षा असतात. आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये 1975 साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा ग्रासा माशेल शिक्षणमंत्री झाल्या. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याशी त्यांचे लग्न झाले. 1986 मध्ये विमान अपघातात ते गेले. त्यानंतरही ग्रासाबाई घरात बसल्या नाहीत. युद्धात होरपळणाऱ्या मुलांबद्दलचा त्यांचा अहवाल 1996 मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे आला. 1998 मध्ये नेल्सन मंडेला यांच्याशी विवाह झाल्यावर त्या दुसऱ्या देशाच्याही ‘फर्स्ट लेडी’ झाल्या. पतीच्या पदाबरोबर आपले सार्वजनिक आयुष्य संपत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. तंजावरच्या मराठी राण्यांनी ते फार पूर्वी दाखवले होते.

पहिले नाव दीपाबाईंचे. व्यंकोजीराजांनी, म्हणजे पहिल्या एकोजींनी, कावेरीच्या खोऱ्यात राज्य उभे केले आणि 1677 मध्ये थोरले बंधू शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले. वाटणीवरून भावाभावांत बिनसले. पुढे तह झाला तेव्हा बंगळूर आणि आसपासचा मुलूख महाराजांनी भावजयीला, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी दिला. घरातल्या स्त्रीचा मान राखणारा हा साधा शब्द एका राजकीय करारात जाऊन बसला. शहाजी, सरफोजी आणि तुकोजी हे दीपाबाईंचे तिन्ही मुलगे पुढे एकामागून एक गादीवर आले. 1737 मध्ये दुसरे एकोजी वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी सुजानबाईंनी काही काळ स्वतः कारभार पाहिला.

सामान्य माणसाला मात्र या राण्या ओळखीच्या झाल्या त्या छत्रांमुळे. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा आणि अन्नछत्र. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी अशी छत्रे बांधली आणि त्यांना घरातल्या स्त्रियांची नावे दिली. नीडामंगलमचे यमुनांबापूर आणि ओरत्तनाडचे मुक्तांबापूर ही त्यातलीच. 1801 मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचा कारभार वर्णिला आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत प्रत्येक वाटसरूला जेवण मिळे, आजाऱ्याला वैद्य मिळे, शिकणाऱ्या मुलांना शिक्षक मिळे आणि वाटेत अडलेल्या गरोदर बाईची काळजी घेतली जाई.

तोवर राज्य नावापुरतेच उरले होते. 1799 च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला होता. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा (सोन्याची नाणी) आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे 29 ऑक्टोबर 1855 रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. मुली होत्या, पण मुलीला वारस मानायला कंपनीने नकार दिला आणि राज्य खालसा केले. झाशी आणि नागपूर ही राज्ये आदल्याच वर्षी, 1854 मध्ये, गेली होती. नागपूरकर भोसल्यांचे जडजवाहीर आणि हत्तीघोडे लिलावात निघाले होते.

तंजावरलाही तेच होऊ घातले. 18 ऑक्टोबर 1856 रोजी कंपनीचे कमिशनर फोर्ब्स फौज घेऊन राजवाड्यात आले. राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही, म्हणजे दागदागिने आणि मोकासा (इनामी) गावे, जप्त झाली. दरवाजांना सील लागले आणि पहारे बसले. आत डझनाहून अधिक विधवा राण्या होत्या.

त्यांतल्या थोरल्या कामाक्षीबाईंनी पुढच्याच महिन्यात मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. पडद्यात वाढलेल्या विधवेने देशातल्या सर्वांत बलाढ्य सत्तेला कोर्टात जाब विचारावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. जॉन ब्रूस नॉर्टन या वकिलांनी त्यांची बाजू मांडली. म्हणणे सरळ होते. राज्य गेले असेल, पण नवऱ्याची खासगी मालमत्ता हिंदू कायद्याप्रमाणे विधवेची आहे आणि ती कुणाला लुटता येणार नाही. मद्रासच्या कोर्टाने राणीच्या बाजूने निकाल दिला.

प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. दरम्यान 1857 चा उठाव झाला आणि 1858 मध्ये कंपनीचा कारभारच संपला. तिच्या जागी भारतमंत्री पक्षकार झाले. 27 जुलै 1859 रोजी लॉर्ड किंग्जडाउन यांनी निकाल दिला. ही जप्ती एका सत्तेने दुसऱ्या सत्तेवर केलेली कृती आहे, ती न्याय्य असो वा अन्याय्य, तिची चौकशी करण्याचा अधिकार कोर्टाला नाही, असा त्याचा सारांश. राणी हरल्या.

पण दाव्याचा गाजावाजा वाया गेला नाही. 1862 मध्ये मद्रास सरकारने खासगी मालमत्ता परत केली. हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. पण परत केली. थोरल्या राणीने कारभार पाहावा, इतर राण्यांना उपभोग मिळावा, शेवटच्या राणीनंतर मालमत्ता राजाच्या मुलीकडे आणि ती नसल्यास राजाच्या वारसांकडे जावी, असा तो हुकूम होता. पुढे राण्यांमध्येच वाद लागला आणि 1868 मध्ये तो मद्रास हायकोर्टात गेला. एकापेक्षा अधिक विधवांचा वारसा कसा चालतो, हे सांगताना हिंदू कायद्याची पुस्तके त्या निकालाचाही दाखला देतात. एकाच बाईचे नाव कायद्याच्या इतिहासात असे दोनदा कोरले गेले.

शिवाजीराजांच्या राण्यांपैकी शेवटच्या जिजांबा 1912 मध्ये वारल्या. त्यानंतर सहा वर्षांनी, 1918 मध्ये, राजवाड्यातला सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह सर्वांसाठी खुला झाला.

झाशीच्या राणीने तलवार उचलली म्हणून ती घराघरांत पोहोचली, आणि ते योग्यच झाले. तंजावरच्या राणीने वकीलपत्र दिले. तिचाही लढा त्याच अन्यायाविरुद्ध होता, त्याच वर्षांतला होता. तरी मराठी शाळेच्या पुस्तकात तिला जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी. महाराष्ट्रातून तंजावरला जाणारे प्रवासी बृहदीश्वराच्या भिंतीवरचा 1803 चा मराठी शिलालेख बघतात, सरस्वती महाल बघतात. राजवाड्याच्या चौकात उभे राहाल तेव्हा 1856 मधली ती सीलबंद दारे आठवा. आणि तुमच्या घरात कुणी वकिलीचा अभ्यास करत असेल, तर त्या खटल्यातले नाव नीट उच्चारून दाखवा: कामाक्षीबाई साहेब.