संशयित व पीडित : स्मृतींतील न्याय आणि आजचा कायदा

आपल्या प्राचीन दंडनीतीविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें वारंवार कानीं पडतात. कोणी म्हणतो, प्रजेचे हक्क ही कल्पनाच पूर्वजांस ठाऊक नव्हती. कोणी म्हणतो, आजच्या कायद्यांत जें आहे तें सर्व स्मृतींत होतेंच. चोरीचें एकच प्रकरण घेऊन ग्रंथ प्रत्यक्ष काय सांगतात हें आम्ही येथें पाहणार आहों.

प्रथम ज्याचें वित्त गेलें त्याचा विचार करूं. चोरांनीं नेलेलें द्रव्य राजानें प्रजाजनास दिलें पाहिजे, न दिल्यास पाप राजाच्या माथीं येतें, असें याज्ञवल्क्य सांगतो. चोरापासून वसुली न झाल्यास राजानें स्वतःच्या कोशांतून द्यावें, असें गौतमाचें वचन आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत मिताक्षरा रचणाऱ्या विज्ञानेश्वरानें हाच अर्थ स्वीकारला आहे. याच तत्त्वाचें ग्रामरूप पेशवाईंत आढळतें. चोराचा माग शिवेबाहेर गेल्याचें गांवच्या रखवालदारानें दाखविलें नाहीं, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर व गांवावर येई. एल्फिन्स्टनसाहेबानें १८१९ च्या आपल्या अहवालांत या वहिवाटीची नोंद केली आहे.

आतां संशयिताकडे वळूं. येथें चित्र पालटतें. मुद्देमाल जवळ सांपडणें, पावलांचा माग, पूर्वीचा गुन्हा, इतकेंच नव्हे तर विचारतांच तोंड कोरडें पडणें व स्वर फुटणें, हींही याज्ञवल्क्यानें संशयाचीं चिन्हें मानलीं आहेत. संशयावरून धरलेल्यानें स्वतःची शुद्धि दाखविली नाहीं, तर त्याच्याकडून द्रव्य देववून त्यास चोराचा दंड करावा, असा नियम आहे. म्हणजे निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार संशयितावरच पडे.

यांतील धोका शास्त्रकारांस दिसत नव्हता असें नाहीं. मुद्देमाल दुसऱ्याच्या हातून पडलेला किंवा चोरानेंच टाकलेला असूं शकेल, म्हणून काळजीपूर्वक परीक्षा करावी, असें नारद बजावतो. निर्दोष मनुष्यही चोर ठरतो यास तो माण्डव्याचा दाखला देतो. महाभारताच्या आदिपर्वांत ती कथा आहे. चोरांनीं लूट माण्डव्याच्या आश्रमांत दडविली. मौनव्रतामुळें त्यानें रक्षकांस उत्तर दिलें नाहीं. राजानें त्यास सुळीं दिलें. मात्र हा इशारा इशाराच राहिला. संशयिताच्या हातीं पडेल असा हक्क त्यांतून झाला नाहीं.

तो हक्क अर्वाचीन कायद्यानें दिला. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कायम आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदानें आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति निषिद्ध केली. २२ व्या अनुच्छेदान्वयें अटकेचीं कारणें कळविणें, वकिलाचा सल्ला घेऊं देणें व प्रवासाचा काळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढें उभें करणें आवश्यक झालें. आजच्या न्यायालयांत उत्तर न दिल्याबद्दल माण्डव्यास शिक्षा झाली नसती.

परंतु या व्यवस्थेंत सरकार फिर्यादी झालें आणि पीडित केवळ साक्षीदार उरला. ही उणीव भरूं लागण्यास ३१ डिसेंबर २००९ उजाडावा लागला. त्या दिवशीं फौजदारी प्रक्रिया संहितेंत ३५७-अ हें कलम अंमलांत आलें. गुन्हेगाराचा शोध लागला नाहीं तरी पीडितास विधि सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागतां येऊं लागली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ व्या कलमांत आहे. तपासाची प्रगति ९० दिवसांच्या आंत पीडितास किंवा खबर देणारास कळविण्याचें बंधनही त्या संहितेनें पोलिसांवर घातलें आहे. ही भरपाई पुनर्वसनाची गरज असलेल्यांसाठीं आहे, चोरीच्या प्रत्येक वस्तूचें मोल त्यांत मिळत नाहीं, हा भेद लक्षांत ठेवावा. तथापि चोर न सांपडल्यास राजकोश बांधलेला आहे, हें गौतमाचें तत्त्व त्यांत ओळखूं येतें.

सारांश, आरंभीं सांगितलेलीं दोन्हीं मतें अपुरीं आहेत. स्मृतींनीं पीडिताचें ऋण मानलें, पण संशयितास अर्धवट सोडलें. अर्वाचीन कायद्यानें संशयितास आधीं सांभाळलें व पीडिताची आठवण उशिरां ठेवली. एकाचा हक्क दुसऱ्याच्या हक्कांतून वजा करावा लागतो ही समजूतच मुळांत खोटी आहे. माण्डव्यास सुळीं दिल्यानें कोणा पीडितास न्याय मिळाला नाहीं.