फास मांडणारी बुरशी

शिळ्या भाकरीवर किंवा पावसाळ्यात वहाणांवर चढलेली बुरशी आपण सर्वांनीच पाहिली आहे. तिला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. अशी बुरशी वळवळता प्राणी पकडून खाते असे कोणी सांगितले, तर आपला विश्वास बसेल काय? परंतु आपल्या पायांखालच्या मातीत हा प्रकार नित्य घडत असतो.

तिचे भक्ष्य म्हणजे सूत्रकृमी. दोऱ्यासारखे हे जीव बहुधा एक मिलिमीटरहूनही आखूड असतात. 'आर्थ्रोबोट्रिस' नावाची बुरशी आपल्याच तंतूंची चिकट जाळी विणते. तिला चिकटलेला कृमी सहसा सुटत नाही. १८८८ साली विल्हेल्म झॉप्फ या जर्मन शास्त्रज्ञाने ही शिकार पाहून तिचे वर्णन केले.

दुसऱ्या काही जातींची युक्ती याहून अद्भुत आहे. त्या तीन पेशींचे इवलेसे कडे तयार करतात. कृमी त्यात शिरला, की सेकंदाच्या दहाव्या हिश्शात तिन्ही पेशी फुगून फास आवळला जातो. मग बुरशीचे तंतू त्याच्या देहात शिरतात आणि पाचक रसांनी आतील भाग विरघळवून शोषून घेतात.

हा खटाटोप कशासाठी? कुजत्या लाकडात व पाचोळ्यात कार्बन विपुल, पण नायट्रोजन अल्प असतो. ती उणीव शिकारीने भरून निघते. म्हणूनच अन्न मुबलक असता यांतील अनेक जाती सापळे मांडीत नाहीत. कृमी परस्परांना संकेत देण्यासाठी जी रसायने सोडतात, त्यांचाच माग भुकेली बुरशी काढते, असे २०१३ साली दिसून आले. आपण आवडीने खातो ती धिंगरी अळिंबीसुद्धा विषाने कृमींना लुळे करून त्यांच्यावर पोसते.

टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी शेतकऱ्यांचे मोठे नुकसान करतात. मग ही बुरशी शेतात सोडली की काम झाले, असे आपणास वाटेल. तसे मात्र नाही. मातीतील इतर सूक्ष्मजीव तिला सहजासहजी थारा देत नाहीत, आणि पोट भरलेली बुरशी शिकारीस निघेलच असेही नाही. मेंढ्यांच्या बाबतीत अधिक यश आले आहे. 'डडिंग्टोनिया' बुरशीचे बीजाणू खाद्यातून दिले असता ते पोटातून सुखरूप लेंड्यांत उतरतात आणि तेथे वाढणाऱ्या जंतांच्या अळ्यांना पकडतात. त्यामुळे कुरणात पसरणारा जंतांचा उपद्रव कमी होतो.

शत्रूला आवरणारा मित्र मातीतच आहे. त्याच्या सवयी ओळखूनच त्याच्याकडून काम करून घेतले पाहिजे.