माका : खात्रीने ओळखा, कुंडीत वाढवा



पितृपक्ष जवळ आला की बेंगळुरूतल्या मराठी घरांत माक्याच्या पानांची शोधाशोध सुरू होते. केसांच्या तेलासाठी तर माका वर्षभर लागतो. संस्कृतात तो भृंगराज, कन्नडमध्ये ‘गरुगद सोप्पु’. शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. पण रिकाम्या प्लॉटवर पांढरे फूल दिसले म्हणून उपटून आणलेले झाड माकाच असेल असे नाही. म्हणून आधी ओळख, मग लागवड.

फूल की फुलांचा गुच्छ?

माका सूर्यफूल कुलातला आहे. या कुलात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्याला स्तबक म्हणतात. मधली ती बिंब-पुष्पके, कडेची किरण-पुष्पके. अशी स्तबके या कुलात सर्वत्र आढळतात. त्यामुळे ‘छोटे पांढरे फूल’ एवढ्या एकाच खुणेवर निर्णय देता येत नाही.

ओळखण्याचा क्रम

आधी डोळ्यांनी तपासा, हात शेवटी लावा.

१. पानांची मांडणी : माक्याची पाने समोरासमोर, लांबट, जवळजवळ बिनदेठाची. पाने एकाआड एक आणि गाजराच्या पानांसारखी चिरलेली असतील, तर ते गाजरगवत. तिथेच थांबा. त्याने त्वचेला खाज व पुरळ येते, परागकणांनी दमाही बळावतो. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण देशभर पसरले. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बेंगळुरूतच सोडला गेला, तरी ते संपलेले नाही.

२. स्तबकाचा देठ : उंच, बारीक देठावर एकटेच स्तबक, कडेच्या पाकळ्या मोजक्या व टोकाशी तीन दाती, मध्य पिवळा, असे असेल तर ती एकदांडी. माक्याचे स्तबक जेमतेम एक सेंटीमीटर रुंद, आखूड देठाचे. कडेची किरण-पुष्पके पुष्कळ, पांढरी आणि अगदी अरुंद.

३. रंग : रस्त्याच्या दुभाजकात पसरलेली, पिवळ्या फुलांची, चकचकीत पानांची वेल ही शोभेची वेडेलिया. ती माका नव्हे.

४. फळ : एकदांडीची फळे केसांच्या झुबक्याने वाऱ्यावर उडतात. माक्याच्या फळाला असा झुबका नसतो.

५. रस : वरच्या चारही कसोट्या उतरल्यावरच खोड किंवा पान चुरगाळा. माक्याचा रस हवा लागल्यावर काही मिनिटांत काळपट होतो.

घरीच का वाढवावा?

माक्याला ओल आवडते, म्हणून तो तळ्याकाठी हमखास सापडतो. पण बेळ्ळंदूर, वर्तूरसारख्या तळ्यांत सांडपाणी मिसळते, आणि अशा जागेतल्या वनस्पती मुळांवाटे जड धातू शोषू शकतात. ओळख अचूक असली तरी तो माका वापरण्याजोगा नसतो.

लागवड

साधारण २५ सेंटीमीटर रुंद कुंडीत दोन भाग लाल माती व एक भाग शेणखत घ्या. दोन-तीन पेरे असलेले कोवळे खोड ओल्या मातीत खोचा. पेऱ्यांतून मुळे सहज फुटतात. बियांपासून करायचे असल्यास बी मातीवर भुरभुरवा, पुरू नका. त्याला रुजायला उजेड लागतो. चार-पाच तास ऊन द्या. माती सुकू देऊ नका. बेंगळुरूच्या मार्च-एप्रिलमध्ये बहुधा दोन वेळा पाणी द्यावे लागेल. काढणी करताना मातीपासून चार बोटे खोड ठेवा, ते पुन्हा फुटते. भातशेतीत माका हे तणच आहे. म्हणून पिकलेली स्तबके वेळीच खुडा. औषध म्हणून पोटात घेण्याचा प्रयोग मात्र वैद्यांच्या सल्ल्याशिवाय नको.

स्वाध्याय : तुमच्या कॉलेजच्या आवारातील पांढऱ्या स्तबकांच्या तीन वनस्पतींचे, हात न लावता, फोटो घ्या. वरील पहिल्या चार कसोट्यांचा तक्ता करा आणि प्रत्येक वनस्पती कोणत्या कसोटीवर वेगळी ठरली ते लिहा.