माझदा : रोटरी इंजिनाचा हट्ट आणि वाहनधारकांनी मोजलेले मोल

प्रस्तावना

जपानी मोटार उद्योग म्हटला की आपल्याकडील वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत टोयोटाची उत्पादनपद्धती येते आणि बहुधा विषय तेथेच संपतो. काटकसर, गुणवत्तानियंत्रण आणि सातत्य या गुणांचा समुच्चय म्हणजे जपानी कारखानदारी, असे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात पक्के होते. या समीकरणात न बसणारी एक कंपनी हिरोशिमा येथे आहे. इतरांनी सोडून दिलेले एक इंजिन तिने अनेक दशके जपले, त्यापायी ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यापर्यंत गेली आणि तरीही तिने ते सोडले नाही. या हट्टाची किंमत कंपनीने मोजली, तशी तिच्या गाड्या विकत घेणाऱ्यांनीही मोजली. प्रस्तुत लेखात माझदाच्या वाटचालीचा या दोन्ही अंगांनी परामर्श घेतला आहे.

बुचाच्या कारखान्यापासून मोटारीपर्यंत

३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमा येथे 'तोयो कॉर्क कोग्यो' या नावाने ही कंपनी स्थापन झाली. झाडाच्या सालीपासून बूच तयार करणे हा तिचा व्यवसाय होता. पुढील वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे अध्यक्ष झाले. लोहारकामापासून सुरुवात केलेल्या या गृहस्थांचा ओढा यंत्रांकडे होता. १९२७ मध्ये नावातील 'कॉर्क' गळून कंपनी 'तोयो कोग्यो' झाली आणि १९३१ मध्ये तिने तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आणली. 'माझदा' हे नाव प्रथम या गाडीला मिळाले.

हे नाव मराठी वाचकास परके वाटू नये. झरथुष्ट्री धर्मातील प्रज्ञेची देवता अहुर मज्द हिच्यावरून ते घेतल्याचे कंपनी सांगते. संस्थापकाच्या आडनावाशी असलेले ध्वनिसाम्यही त्यामागे आहेच. मुंबईतील अग्यारींत जिची उपासना चालते त्या देवतेचे नाव जपानी मालगाडीवर झळकावे, हा योगायोग मनोरंजक आहे. पुढे पंजाबातील 'स्वराज माझदा' या सहयोगी कंपनीच्या मालमोटारींमुळे आणि लहान बसगाड्यांमुळे हे नाव आपल्या रस्त्यांवरही रुळले. २०११ मध्ये त्या कंपनीच्या नावातून ते गेले.

दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यात लष्करासाठी रायफली बनत होत्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा स्फोटकेंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरांवर असलेला हा कारखाना मधल्या हिजियामा टेकडीच्या आडोशामुळे बव्हंशी वाचला. मात्सुदांचा तो सत्तरावा वाढदिवस होता. ते स्वतः बचावले. त्यांचा एक मुलगा मात्र दगावला. शहरातील शासकीय इमारती नष्ट झाल्याने प्रांताचे कार्यालय काही महिने या कारखान्याच्या इमारतीतून चालले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. हिरोशिमाकरांच्या मनात या कंपनीला जे स्थान आहे ते केवळ रोजगार देणारी संस्था म्हणून नाही, हे पुढील घटना समजून घेताना ध्यानी ठेवावे लागते.

रोटरी इंजिनाचा स्वीकार

१९६० मध्ये 'आर ३६०' ही पहिली छोटी प्रवासी मोटार आली. याच सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने देशातील मोटार कंपन्यांचे मोजक्या गटांत एकत्रीकरण करण्याचा विचार पुढे आणला. परदेशी स्पर्धेपुढे छोट्या कंपन्या टिकणार नाहीत, हा त्यामागील तर्क होता. मात्सुदांचे पुत्र त्सुनेजी तेव्हा अध्यक्ष होते. आपल्यापाशी इतर कोणाजवळ नाही असे काही नसेल तर आपण कोणाच्या तरी पोटात जाऊ, हे त्यांनी ओळखले. जर्मनीतील एनएसयू कंपनीत फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर आधारलेले फिरते इंजिन १९५७ मध्ये चालले होते. त्याच्या परवान्याचा करार त्सुनेजींनी १९६१ मध्ये केला. तांत्रिक निर्णयामागे स्वातंत्र्य टिकवण्याची धडपड होती, आणि म्हणूनच नंतर तो निर्णय फिरवणे कंपनीस इतके जड गेले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या इंजिनाची रचना थोडक्यात पाहू. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि त्या हालचालीचे क्रँकशाफ्टद्वारे फिरण्यात रूपांतर केले जाते. रोटरी इंजिनात दट्ट्याच नसतो. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोलासारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्याची तीनही टोके पोकळीच्या भिंतीला सतत टेकलेली असतात, त्यामुळे भिंत आणि त्रिकोण यांच्यात तीन कप्पे तयार होतात. त्रिकोण फिरेल तसे हे कप्पे लहान-मोठे होतात. एका कप्प्यात मिश्रण शोषले जात असते तेव्हा दुसऱ्यात ते दाबले जाऊन पेटते आणि तिसऱ्यातून धूर बाहेर पडत असतो. त्रिकोणाच्या एका फेऱ्यात मधला विकेंद्री शाफ्ट तीन वेळा फिरतो. झडपा नाहीत, त्या उघडझाप करणारी यंत्रणा नाही, मागे-पुढे हिसके देणारे वजन नाही. त्यामुळे इंजिन आकाराने लहान, वजनाने हलके आणि चालण्यास अतिशय मऊ असते.

अडचण आहे ती त्रिकोणाच्या टोकांशी. तेथे बसवलेल्या सीलपट्ट्यांनी भिंतीवर प्रचंड वेगाने घासत राहायचे आणि तरीही वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही, अशी ही दुहेरी अपेक्षा. सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्या थरथरत आणि भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटत. हिरोशिमाच्या अभियंत्यांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असे नाव दिले होते. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली स्वतंत्र संशोधन विभाग उभा राहिला. त्यातील ४७ जणांची तुलना जपानी परंपरेतील ४७ स्वामिनिष्ठ सामुराईंशी केली जाते. पट्टीला आडवी-उभी छिद्रे पाडून तिची कंपने बदलणे आणि पुढे कार्बन-ॲल्युमिनियमच्या मिश्र पट्ट्या वापरणे, या मार्गांनी प्रश्न आटोक्यात आला. ३० मे १९६७ रोजी दोन रोटरांची 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीस आली.

त्याच वर्षी एनएसयूनेही 'आरओ ८०' ही देखणी मोटार बाजारात आणली. तिच्या सीलपट्ट्या लवकर झिजू लागल्या, हमीपोटी इंजिने बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑडीत विलीन झाली. फ्रान्सच्या सित्रोएनने १९७३ मध्ये रोटरी इंजिनाची गाडी काढली आणि थोड्याच काळात विकलेल्या गाड्या परत विकत घेऊन मोडीत काढण्याचा प्रयत्न केला. जनरल मोटर्सनेही माघार घेतली. माझदा एकटी उरली.

तेलसंकट

१९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत माझदाची विक्री झपाट्याने वाढली होती. इंजिनातून निघणारी न जळलेली हायड्रोकार्बने बाहेरच्या भट्टीवजा कक्षात जाळून टाकण्याची युक्ती कंपनीने काढली होती आणि त्यामुळे प्रदूषणाचे कडक निकष इतरांआधी पूर्ण करणे तिला शक्य झाले. परंतु ती भट्टी पेटती ठेवायची तर मिश्रणात पेट्रोल जास्त हवे. त्यातच रोटरी इंजिनातील ज्वलनकक्ष लांबट व उथळ असल्याने बरीच उष्णता भिंतींत जाते. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलसंकट उद्भवले. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या शहरी चाचणीत या गाड्या गॅलनला अकरा मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरांहूनही कमी चालतात, असे जाहीर झाले. चाचणीची पद्धत रोटरीला अन्यायकारक आहे असा कंपनीने वाद घातला, पण पेट्रोलपंपावरील रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकास त्यात रस नव्हता. १९७४ मध्ये अमेरिकेतील विक्री जवळपास निम्म्यावर आली.

सुमितोमो बँकेने कंपनी सावरली आणि आपली माणसे व्यवस्थापनात बसवली. त्सुनेजींनंतर अध्यक्ष झालेले त्यांचे पुत्र कोहेई १९७७ अखेर पायउतार झाले. कामगारांना सरसकट कमी करण्याऐवजी हजारोंना जपानभर विक्रेत्यांकडे मोटारी विकण्यास पाठवले गेले. ज्याने यंत्रावर नट आवळले त्याने परगावी दारोदार जाऊन त्याच गाडीचे गुण सांगायचे! हिरोशिमातील व्यापारी-उद्योजकांनी स्थानिक माल घेण्याची मोहीम सुरू केली. १९७५ साली, ऐन संकटात, कंपनीचे 'तोयो' हे नाव मिरवणाऱ्या शहराच्या बेसबॉल संघाने पहिले साखळी अजिंक्यपद मिळवले. त्या शहरात आजही दोन्ही कथा एका श्वासात सांगितल्या जातात.

रोटरीचा इंधनखप ४० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य अभियंत्यांना दिले गेले आणि ते त्यांनी गाठले. मात्र कुटुंबाची मोटार म्हणून तिचे दिवस संपले होते. १९७८ च्या 'आरएक्स-७' पासून हे इंजिन प्रामुख्याने हौशी चालकांचे झाले. तीन पिढ्यांत मिळून आठ लाखांहून अधिक आरएक्स-७ तयार झाल्या.

वाहनधारकांचे अनुभव

रोटरी गाडीचा मालक होणे म्हणजे काही सवयी नव्याने लावून घेणे. इंजिन इतके निर्धोकपणे वेग घेते की चालकास मर्यादा कळत नाही. म्हणून आरएक्स-७ मध्ये मर्यादा जवळ येताच आवाज करणारी सूचक घंटा दिलेली होती. सीलपट्ट्यांना वंगण मिळावे यासाठी थोडे तेल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडले जाते, ते जळते. इतर गाड्यांत तेल कमी होणे हे बिघाडाचे लक्षण, येथे तो आराखड्याचा भाग. पेट्रोल भरताना तेलकाठी पाहण्याचा कंटाळा करणाऱ्या मालकाला पुढे त्याची फळे भोगावी लागत.

सर्वाधिक तक्रारी २००३ मध्ये आलेल्या 'आरएक्स-८' बाबत झाल्या. त्यांचा आरंभ तर इंजिन झिजण्याच्याही आधी झाला. अमेरिकेत जाहिरातीतील अश्वशक्तीपेक्षा प्रत्यक्ष शक्ती कमी भरल्याने कंपनीने त्या वर्षी गाड्या परत घेण्याची तयारी दर्शवली. नंतर अनेकांना एक विचित्र अनुभव येऊ लागला. थंड इंजिन सुरू करून गाडी दारातून गॅरेजात घेतली आणि लगेच बंद केली, की दुसऱ्या दिवशी ती सुरूच होत नसे. थंडीत जादा सोडलेले पेट्रोल सीलपट्ट्यांवरील तेल धुऊन टाकी, दाब उतरे आणि स्पार्क प्लग ओले होत. यात मालकाची चूक ती कोणती? इतर कोणत्याही मोटारीला जे चालते तेच त्याने केले होते. दाब कायमचा उतरला तर मात्र इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसे, आणि ते तपासण्यासाठी लागणारे रोटरीचे खास दाबमापक यंत्र सर्वसाधारण दुरुस्तीवाल्याकडे नसे. अमेरिकेत कंपनीने अखेर इंजिनाच्या गाभ्यावरील हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. मालकाच्या माथी गेलेला दोष आराखड्याचाही होता, याची ती एका अर्थी कबुलीच होती. २०१२ मध्ये आरएक्स-८ चे उत्पादन थांबले.

रोटरी नसलेल्या माझदाच्या मालकांचेही अनुभव बोलके आहेत. १९८९ च्या तेजीत कंपनीने जपानात पाच वेगवेगळ्या विक्रीसाखळ्या उभ्या केल्या. एकच मोटार थोड्या फरकाने अनेक नावांनी विकली जाऊ लागली, तेजी ओसरताच भरमसाट सवलती द्याव्या लागल्या. सवलतीत घेतलेल्या गाडीला जुन्या बाजारात भाव मिळेना. बरा भाव फक्त माझदाचाच विक्रेता देई, तोही नवी माझदा घेतली तर. जपानी ग्राहकांनी या फेऱ्याला 'माझदा नरक' असे नाव दिले. ब्रँडमूल्य ही संकल्पना शिकवण्यासाठी याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. १९९६ मध्ये फोर्डने आपला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेऊन हेन्री वॉलेस यांना अध्यक्षपदी बसवले. बड्या जपानी मोटार कंपनीचा परदेशी अध्यक्ष होण्याचा तो पहिलाच प्रसंग. २००८ पासून फोर्डने हिस्सा विकत आणला. २०१२ नंतरच्या गाड्यांत कंपनीने सवलतींना आवर घातला, आणि जुन्या गाड्यांच्या किमती सावरल्या.

जाता जाता एक प्रकरण नोंदवण्याजोगे आहे. २०११ मध्ये उत्तर अमेरिकेतील सुमारे ६५ हजार 'माझदा ६' गाड्या कोळ्यांमुळे परत बोलवाव्या लागल्या. पेट्रोलच्या वासाने आकर्षित होणारे पिवळ्या जातीचे कोळी टाकीच्या हवानळीत जाळे विणत, नळी तुंबून टाकीवर दाब येई आणि टाकीस तडा जाण्याची भीती निर्माण होई. २०१४ मध्ये आणखी ४२ हजार गाड्यांच्या बाबतीत हीच वेळ आली.

ल मान्स आणि त्यानंतर

या इंजिनाची सर्वात मोठी कामगिरी फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत घडली. जून १९९१ मध्ये चार रोटरांच्या '७८७ बी' ने ३६२ फेऱ्या पूर्ण करून ती जिंकली. जपानी कंपनीचा तेथील हा पहिलाच विजय होता. नियमांनी माझदाला प्रतिस्पर्ध्यांहून हलकी गाडी उतरवण्याची मुभा दिली होती, हे यशाचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही. तरीही ज्या शर्यतीत प्रत्येक गाडीला पेट्रोल मोजून मिळत होते ती शर्यत पेट्रोल पिण्याबद्दल बदनाम झालेल्या इंजिनाने जिंकली, यातील काव्यात्म न्याय नाकारता येत नाही.

२०२३ मध्ये कंपनीने अकरा वर्षांच्या खंडानंतर रोटरी इंजिनाचे उत्पादन पुन्हा सुरू केले. या वेळी 'एमएक्स-३०' या विद्युत मोटारीत ८३० घन सेंटीमीटरचा एकच रोटर आहे. तो चाकांना जोडलेला नाही. बॅटरी उतरली की वीज निर्माण करणे एवढेच त्याचे काम. ठरावीक गतीने चालायचे असल्याने त्याच्या जुन्या उणिवा कमी जाचक ठरतात, आणि आकार लहान असल्याने विद्युत मोटरीशेजारी तो सहज मावतो. सीलपट्टीची जाडी दोन मिलिमीटरवरून अडीच केलेली आहे.

जुन्या मालकांचे काय, हा प्रश्न कंपनीपुढे वेगळ्या रूपात आला. ज्यांनी तक्रारी केल्या त्यांच्यापैकीच अनेकजण गाड्या विकण्यास तयार नव्हते, आणि सुटे भाग मिळेनासे झाले होते. २०१७ मध्ये कंपनीने आपल्या पहिल्या पिढीच्या 'रोडस्टर' या उघड्या मोटारीच्या पुनरुज्जीवनाची सेवा जाहीर केली. नंतर आरएक्स-७ च्या बंद झालेल्या भागांचेही उत्पादन जपानात पुन्हा हाती घेतले गेले. त्याआधी कोणते भाग हवे आहेत, हे मालकांनाच विचारण्यात आले होते.