युद्धातल्या कादंबऱ्या – लेखांक ७ : दोन बहिणी, एक अबोला

गेल्या आठवड्यात आपण बायाफ्राच्या युद्धाची राजकीय बाजू पाहिली. १९६६ मधले दोन लष्करी उठाव, उत्तर नायजेरियात झालेलं इग्बोंचं हत्याकांड, गोवोन आणि ओजुक्वू या दोन लेफ्टनंट कर्नलांमधली तेढ, जानेवारी १९६७ मध्ये घानातल्या अबुरी इथे झालेला आणि दोघांनी आपापल्या सोयीने वाचलेला समझोता, आणि अखेर ३० मे १९६७ ला झालेली बायाफ्राची घोषणा. एवढं नाट्य हाताशी असताना एखाद्या कादंबरीकाराने या दोन सेनानींचा सामनाच रंगवला असता. चिमामांडा न्गोझी अदिची यांनी तसं केलं नाही. त्यांच्या ‘हाफ ऑफ अ यलो सन’ (२००६) मध्ये शत्रू जवळपास दिसतच नाही. तो विमानाच्या घरघरीतून आणि तोफांच्या आवाजातून कळतो. खरी चुरस आहे ती सीमेच्या अलीकडे, एकाच घरातल्या माणसांत.

ओलाना आणि काइनेने या जुळ्या बहिणी, लागोसमधल्या एका गबर व्यापाऱ्याच्या मुली. जुळ्या असूनही दोघींत साम्य म्हणून नाही. ओलाना देखणी, मवाळ, सगळ्यांची लाडकी. काइनेने शिडशिडीत, तिरकस बोलणारी, सिगारेट ओढणारी, बापाचा धंदा पुरुषाच्या तोडीने सांभाळणारी. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. एका मंत्र्याकडून कंत्राट पदरात पाडून घ्यायचं म्हणून आईवडील ओलानाच्या रूपाचा चारा टाकू बघतात. काइनेनेचा शेरा असा, की मुलगी कुरूप असली की एक फायदा होतो, तिला कुणी गळाला लावत नाही. विनोद म्हणून ते खपून जातं, पण आयुष्यभराचा हिशेब त्या वाक्यात आहे.

आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या गोष्टींत वाटणीचं काहीतरी असतं, शेत, वाडा, निदान मानपान. या बहिणींत वाटण्यासारखं काहीच नाही. ओलाना एन्सुकाच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या, क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या ओडेनिग्बोवर जीव टाकते. काइनेने रिचर्ड नावाच्या बुजऱ्या इंग्रजाबरोबर राहते. रस्ते वेगळे, मित्रमंडळी वेगळी. तरीही दुसरीकडे काय आहे, याचं भान दोघींना सतत असतं.

मग ओडेनिग्बोची आई गावाहून येते. शिकलेली सून तिला चेटकीण वाटते, म्हणून ती सोबत आणलेली अमाला नावाची मुलगी लेकाच्या खोलीत पाठवते. अमालाला दिवस जातात. मुलगी झाल्यावर आजी तिच्याकडे पाठ फिरवते आणि ओलानाच त्या बाळाला पदरात घेते. पण त्याआधी, फसवणुकीने पेटलेली असताना, ती एका रात्री रिचर्डशी संबंध ठेवून बसलेली असते. काइनेनेला हे कळतं तेव्हा ती आरडाओरडा करत नाही. रिचर्डच्या पुस्तकाचं हस्तलिखित जाळून टाकते आणि बहिणीशी बोलणं बंद करते. तिची तक्रार अचूक आहे : रूप तुझं, चांगुलपणा तुझा, आईबापांची माया तुझी; मग माझ्या वाट्याला आलेलं एवढं एकच माणूस तुला कशाला हवं होतं?

अदिचींची खरी करामत मांडणीत आहे. कादंबरीचे चार भाग आहेत : साठच्या दशकाची सुरुवात, मग शेवट, मग पुन्हा सुरुवात, मग पुन्हा शेवट. त्यामुळे दुसऱ्या भागात युद्ध सुरू होतं तेव्हा बहिणींचा अबोला आपल्याला दिसतो, कारण मात्र कळत नाही. ते बाळही ओलानाचंच, असं आपण धरून चालतो. कारण हाती येतं तोवर आपण उत्तर नायजेरियातल्या कानोची कत्तल पाहिलेली असते, गरोदर मामेबहीण अरीझे गमावलेली असते, आणि आगगाडीत एका आईने पोटाशी धरलेल्या भोपळ्याच्या भांड्यातलं लेकीचं मुंडकं पाहिलेलं असतं. त्या मुंडक्याच्या वेण्या अजून घातलेल्याच असतात. एवढं पाहून झाल्यावर एका रात्रीच्या व्यभिचाराचा न्याय कुठल्या मापाने करायचा? हा पेच लेखिका मुद्दाम वाचकावर टाकते. काही समीक्षकांना ही उलटसुलट मांडणी खटकली. मला विचाराल तर ती नसती तर हे एक बेतलेलं कौटुंबिक नाटक झालं असतं.

पोर्ट हारकोर्टवर तोफा डागल्या जात असताना काइनेनेच्या डोळ्यांदेखत तिच्या घरगड्याचं, इकेजिदेचं, मुंडकं उडतं. त्यानंतर समेटाचा पुढाकार तीच घेते. मोठं अक्षम्य काहीतरी बघितल्यावर छोटं अक्षम्य सोडून देता येतं, असा तिचा रोख आहे. पुढे ओलानाचं बिऱ्हाड ओर्लूला काइनेनेच्याच घरी येतं. काइनेने निर्वासितांची छावणी चालवत असते. दोघी भुकेल्या पोरांसाठी मिळेल ते गोळा करत हिंडतात, आणि कोण वरचढ हा प्रश्न शिल्लकच राहत नाही. युद्ध संपायला थोडेच दिवस उरलेले असताना काइनेने शत्रूच्या हद्दीत व्यापाराला जाते. ती परत येत नाही.

१५ जानेवारी १९७० ला बायाफ्राची शरणागती झाली आणि ‘ना विजेता, ना पराभूत’ अशी सरकारी भूमिका जाहीर झाली. कादंबरीत मात्र एक चढाओढ उरतेच. काइनेनेचा जुना मित्र, मेजर माडू, याच्याबद्दल रिचर्डच्या मनात पहिल्यापासून सल आहे. ती बेपत्ता झाल्यावर, दोघेही तिच्याच शोधात असताना, तो माडूला विचारतो, तू कधी तिला हात लावला होतास का? उत्तर मिळत नाही. रिचर्ड ठोसा मारतो, आणि सैनिक असलेला माडू एका फटक्यात त्याला लोळवतो.